माझ्या उंदरांना आलेला आहेर

मी उंदरांच्या मेंदूवर काम करते. पुण्यात हे सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात आणि विषय बदलतात. आमच्या गावी सांगितलं की तिथूनच विषय सुरू होतो. "बाप्पा! आम्ही औषध टाकू टाकू थकलो, अन् तू त्यांले शिकवून राह्यली?" आई तर शेजारणींना खुशाल सांगते, "आमची बाई उंदरायची मास्तरीण हाये." मी चिडते, ती आणखी हसते. चिडण्यात मी बाबांवर गेले आहे असं ती म्हणते, पण ते खोटं आहे. बाबा चिडत नाहीत. चिडते ती आईच.

आता उंदरांचं काय ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उंदराचं पिल्लू घरट्याबाहेर घरंगळलं की इतकं बारीक ओरडतं की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही. त्याची आई मात्र धावत जाते, त्याला तोंडात धरून परत आणते. ज्या मादीला पिल्लं झालेली नाहीत ती सुरुवातीला ढिम्म बसून असते. तिच्या लेखी काही घडलेलंच नसतं. पण तीच मादी पिल्लांच्या आईसोबत राहिली की हळूहळू तिलाही ऐकू यायला लागतं, आणि मग तीही धावते. त्या दिवसांत तिच्या मेंदूत काय बदलतं, हे शोधण्यात माझी तिशी गेली. त्यातून एक शोधनिबंध झाला. नाव लागलेले इतरही आहेत, पण त्यांत मी कुणाच्या तरी मागे उभी आहे. हा एक माझा. पहिलं नाव माझं, काम माझं, त्यातल्या चुकाही माझ्या.

आमचं गाव उमरखेडहून महागावकडे जाताना लागतं. गावात कॉलेज आहे, आणि कॉलेजच्या फाटकासमोर बाबांचं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान. पूर्वी तिथे टाइपरायटर खडखडायचा, आता दोन कॉम्प्युटर आहेत. कॉलेजातल्या सरांना प्रमोशनसाठी लेख छापावे लागतात. सर हातानं लिहिलेली पानं आणून देतात, बाबा ती टाइप करतात. शेवटी आधार घेतलेल्या पुस्तकांची आणि लेखांची यादी लागते. ती लावण्याचा सरांना भारी कंटाळा. "भाऊ, संदर्भ तेवढे तुम्हीच लावून टाका," असं म्हणून सर समोरच्या टपरीवर चहाला जातात. मग बाबा जुन्या कुठल्या तरी लेखातले संदर्भ उचलून नव्याला चिकटवतात. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. मलाही शाळेत असताना वाटायचं नाही. संदर्भ म्हणजे बाइंडिंगसारखंच काहीतरी, दुकानदारानं लावून द्यायचं, असाच माझा समज होता.

मागच्या दिवाळीला घरी गेले होते. ओसरीवर चिवडा खात बसलो होतो. बाबा म्हणाले, "तुह्या लेखाचं पुढं काय होते मंग?"

"काय होणार? छापून आला."

"ते समजलं. पण पुढं?"

मी समजावून सांगितलं. जगातले दुसरे शास्त्रज्ञ आपल्या लेखाच्या शेवटी माझ्या लेखाचं नाव देतात, त्याला सायटेशन म्हणतात. जितक्या लोकांनी नाव दिलं, तितकी लेखाची किंमत. त्यावरूनच माणसाची किंमत करतात, नोकऱ्या देतात.

"अन् कोणी नाव नाही देलं तं?"

"तर लेख लिहिला काय आणि नाही लिहिला काय, सारखंच."

बाबांनी चिवड्यातला शेंगदाणा उगाच बोटांत फिरवला. "म्हणजे आहेरच झाला की. आपल्या कार्यात कोण कोण उभं राह्यलं, ते पाहतेत."

मला हसू आलं. "हो बाबा. अगदी तसंच."

"तुले किती आले?"

"थोडे. त्यातले काही माझे मीच केलेत."

"आपणच आपल्याले आहेर?" आई आतून ओरडली. "असं कुठं असते का?"

असतं, सगळे करतात, मी म्हटलं. मग बोलता बोलता पुढचंही सांगून टाकलं. मी कंत्राटावर होते, दरवर्षी वाढवून मिळणाऱ्या. आमच्या संस्थेत कायम जागेची जाहिरात निघणार होती. वयाची अट जवळ आलेली, म्हणजे माझ्यासाठी ती शेवटचीच. ही हुकली की पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. "त्यातही हे मोजतेत?" बाबांनी विचारलं. मोजतात, मी म्हटलं. आणि आणखी चिवडा घेतला.

इथे बाबांचा स्वभाव सांगायला हवा. गावात कुणाचंही कार्य असो, बाबा हजर. सरांच्या मुलीचं लग्न, शिपायाच्या घरची वास्तुशांती, दुकानाशेजारच्या मेकॅनिक चाचांच्या लेकीचा निकाह. पांढरा शर्ट घालून, साडी नाहीतर टॉवेल-टोपी पिशवीत घेऊन निघायचे. उन्हाचे, पावसाचे, एकदा तर अंगात ताप असताना. आई म्हणायची, "तुमच्याबिगर नवरी अडून बसणार हाये काय?" तर म्हणायचे, "लोकायच्या कार्यात उभं राहा लागते." आपण उभं राहिलं की आपल्या वेळी लोक उभे राहतात, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यात हिशेब नव्हता. ते त्यांना मनापासून आवडायचं.

संक्रांतीनंतर मला मेल यायला लागल्या. कुणी आपला लेख संदर्भात घेतला की मेल येते, तशी व्यवस्था आहे. पहिली आली तेव्हा मी खुर्चीतून उडालेच. दुसरी आली, तिसरी आली. मी म्हटलं, चला, जगाला जाग आली! हातातला चहा बाजूला ठेवून उघडून पाहिलं. पहिला लेख होता महागाव तालुक्यातल्या सोयाबीनच्या बाजारपेठेवर. दुसरा ग्रामीण विद्यार्थिनी आणि कबड्डी. तिसरा वणी भागातली कोळशाची वाहतूक आणि रस्त्यांची अवस्था. प्रत्येकाच्या शेवटी, कृषी खात्याच्या अहवालाखाली, माझे उंदीर बसलेले. नंतर एक बंजारा लोकगीतांतल्या मातेवरचा आला. त्यात निदान आई तरी होती.

आधी मी हसले. खूप हसले, एकटीच. मग आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंना दाखवलं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्या ह्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, पैसे देऊन अशी सायटेशनं विकत घेणारे लोक असतात. एकाच भागातून, विषयाशी काडीचा संबंध नाही, सगळी एकदम. तुझ्या अर्जाच्या तोंडावर. निवड समितीत कुणी हे पाहिलं तर काय म्हणेल?" लबाड ठरले असते मी. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत पिल्लांचे आवाज ऐकण्यात घालवली, आणि शेवटी कबड्डीनं घात केला असता!

सगळे लेख आमच्याच भागातले, म्हणजे टाइप कुठे झाले असतील ते उघड होतं. बाबांना फोन लावला. तर तिकडून आनंदानं, "पोचले का?" पार्सल पाठवल्यासारखं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मी कायले करन? लोकायनं केलं. मी फक्त सांगतलं, आमच्या बाईचं कार्य हाये, उभे राहा. कोणी नाही म्हटलं नाही! उमरखेडचे सरही हाये त्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून काही भलतंच निघेल म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवसांची रजा टाकून बस पकडली. वाटभर मनात भांडत होते. काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं.

सकाळी उतरले ती थेट दुकानावर. तर तिथे भूगोलाचे सर उभे. मला पाहताच म्हणाले, "या मॅडम, या! आमच्या कोळशात तुमचे उंदीर सोडले बरं का!" आणि स्वतःच खो खो हसले. शेजारी कबड्डीवाले सर होते, ते म्हणाले, "भाऊनं आजवर आमच्याकडं काही मागितलं नव्हतं हो. पहिल्यांदा मागितलं. आम्हालाही बरं वाटलं." चाचा पाना हातात घेऊनच आले, "बेटी, मला लिहिता येत नाही, नाहीतर मीही दिलं असतं." बाबा मशीनमागून उठून चहा सांगत होते. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या बापाचा असतो ना, अगदी तसा. मी पाठ केलेलं सगळं गिळलं, चहाही गिळला, आणि घरी आले.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्यापुढे मात्र मी फुटले. काय अक्कल आहे का, मला विचारलं तरी का नाही, माझी सगळी मेहनत मातीत जाईल, लोक मला चोर म्हणतील. आई शेंगा सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता माहं ऐक. अन् रागवायचं असन तं मले रागव, त्यायले नको."

मग ती म्हणाली, "तुनं लग्न नाही केलं. आम्ही काही म्हटलं का? नाही म्हटलं. तुहं तुले बरं. पण तुह्या बाबानं साऱ्या गावाच्या लेकीचे आहेर केले. आपल्या दारी मांडवच पडला नाही. लोकायले यायचं होतं, पण कायले येतीन? यंदा त्यायले वाटलं, आपल्या बाईचंही कार्य आलं. घरोघरी गेले ते. पांढरा शर्ट घालून, कुंकवाची अन् अक्षताची वाटी घेऊन गेले, आमंत्रणाले जातेत तसे. मी म्हटलं, अवं बाप्पा, कागदासाठी अक्षता? तं म्हणे, कार्य हाये."

मी तिच्यासमोर खाली बसले. शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. लग्न न केल्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवशी अंगणात बसून मला बाबांसाठी इतकं वाईट वाटलं की डोळ्यांपुढच्या शेंगा दिसेनात. आईनं ते पाहिलं आणि टोपलं माझ्याकडे सरकवलं. "ह्या किडक्या बाजूले टाक," म्हणाली.

तरी सांगावं तर लागणारच होतं. दुपारी बाबा जेवायला आले. मी आवाज चढवला नाही. सगळं नीट, सावकाश सांगितलं. आहेर म्हटला तर मांडवात आलेला कुणीही करू शकतो. सायटेशन त्यानंच करायचं असतं, ज्यानं माझा लेख वाचून त्याच्या कामात वापरला. न वापरता केलं की लोक समजतात, मागून आणलं किंवा विकत घेतलं.

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला. "म्हणजे लोक तुले लबाड म्हणतीन?"

"म्हणू शकतात."

ते उठले. हात धुतले. आत जाऊन पांढरा शर्ट घालून आले आणि स्कूटर काढायला लागले.

"कुठे निघालात?"

"सरायकडे. सांगतो, आमच्या बाईचं नाव काढून टाका म्हणून."

आहेर परत करायला निघाले होते ते. ज्या दारांत अक्षतांची वाटी घेऊन गेले, त्याच दारांत पुन्हा. आमच्याकडे ही केवढी नामुष्की आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. लोक भांडणात एकमेकांचं तोंड पाहात नाहीत, पण आहेर कुणी परत करत नाही. मी धावत जाऊन स्कूटरचं हँडल धरलं.

"बाबा, छापलेलं निघत नाही."

ते थांबले. "मंग आता?"

"मी समितीला सांगीन. जे झालं ते सगळं सांगीन."

"काय सांगशीन? बापानं येडेपणा केला म्हणून?"

"हो. असंच सांगीन."

बाबा थोडं हसले. मग म्हणाले, "सांग. माहं नाव घेऊन सांग. तुह्यावर येऊ देऊ नको." आणि स्कूटर परत स्टँडला लावली. भाकरी मात्र पुन्हा खाल्ली नाही त्यांनी.

अर्जात मी स्वच्छ लिहिलं की अमुक अमुक संदर्भ माझ्या विषयाशी संबंधित नाहीत, ते मोजू नयेत. ते वजा केल्यावर जे उरलं ते अगदीच किरकोळ दिसत होतं. असू दे, म्हटलं. मुलाखतीत अध्यक्षांनी तो परिच्छेद वाचून चष्म्यावरून पाहिलं. "हे काय प्रकरण आहे?" मी सांगितलं. दुकान, सर लोक, अक्षता, सगळं. समितीतले एक गृहस्थ दक्षिणेकडचे होते, त्यांना आहेर म्हणजे काय ते समजावताना माझी त्रेधा उडाली. एकजण हसले. एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी थेट विचारलं, ज्या मादीला पिल्लं नाहीत ती नेमकं काय पाहून शिकते? मग आम्ही त्यावर बोललो, छान बोललो. बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. चला, जे होतं ते सांगून झालं.

जागा दुसऱ्याला मिळाली.

कारण कळवत नाहीत, कळवण्याची पद्धतच नाही. ज्याला मिळाली त्याचे लेख मी एका रविवारी बसून वाचले, काहीतरी खोट सापडेल या आशेनं. काम चांगलं आहे मेल्याचं. खरंच चांगलं आहे. ज्येष्ठ बाईंना मी विचारलं, त्या गोष्टीमुळे गेलं का हो माझं? "नसेल," म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "असेलही. कोण सांगणार?"

आईला फोनवर कळवलं आणि बजावलं, बाबांना तू सांगू नकोस, मी येऊन सांगते. तिनं सांगितलं नसणार. पण बसस्टँडवर बाबा स्कूटर घेऊन उभे होते आणि माझ्याकडे येताना ते इतके हळू चालत होते की मला कळलं, त्यांना कळलंय. आईनं फोनवर सांगितलंच होतं की हल्ली ते कुणाच्या कार्याला जात नाहीत. सरांचे कागद आले की म्हणतात, संदर्भ तुमचे तुम्ही आणा, ते काम मी बंद केलं.

"चहा घेतं?" त्यांनी विचारलं.

"घरी घेऊ."

"नाही झालं नं?"

"नाही झालं, बाबा."

त्यांनी मान हलवली. माझ्यामागून बस निघून गेली तरी ते बसकडेच पाहात होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्यामुळं?"

आमच्या लिखाणात एक भाषा असते. असे दिसते. अशी शक्यता आहे. याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे. इतक्या वर्षांत मी पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी लिहिलं की त्याच्या अंगावर धावून जाते. विद्यार्थी मला टरकतात ते त्यामुळेच.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळे नाही."

"तुले पक्कं माहीत हाये?"

"पक्कं."

बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं. पाहात राहिले. मग माझी बॅग उचलून त्यांनी स्कूटरवर पायाजवळ नीट ठेवली, आणि भरल्या स्टँडवर, लोकांदेखत, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, पक्कं बाबा, अगदी पक्कं.